बीटलचा क्लच : नवा सेट टाकूनही गाडी थरथरते, कुठे चुकलं?

हवाथंड

मंडळी, गेले तीन आठवडे याच एका गोष्टीत अडकलोय, म्हणून धागा काढतोय. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय निदान कसं करणार?

गाडी १९६९ ची फोक्सवॅगन बीटल, इंजिन मागे असलेली. १५०० सीसी, १२ व्होल्ट, इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही मूळचे. जुना क्लच चौथ्या गिअरमध्ये चढावर घसरायला लागला होता. इंजिनाचा आवाज चढायचा, गाडीचा वेग आहे तिथेच. केबल ताणलेली नव्हती, पेडलला फ्री प्ले (दाबताना सुरुवातीची रिकामी हालचाल) भरपूर होता, म्हणजे प्लेट संपली हे उघड होतं. मूळ कंपनीच्या खोक्यातला सेट काही मिळेना, म्हणून आफ्टरमार्केट मागवला. क्लच प्लेट, तिला इंजिनाच्या फ्लायव्हीलवर (जड चाकावर) दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबलं की तो दाब सोडवणारं रिलीज बेअरिंग, सगळं एकाच खोक्यात, वर लिहिलेलं 'व्यास २०० मिमी, सर्व वर्षांच्या मॉडेलना चालेल'.

इंजिन मी आणि धाकट्या भावाने उतरवलं. ज्यांनी बीटल उघडलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, यात क्लचपर्यंत पोचायला इंजिन उतरवण्यावाचून इलाज नाही. ते गिअरबॉक्सला चारच ठिकाणी धरलेलं असतं, वर दोन बोल्ट आणि खाली दोन स्टड. बॅटरी सोडवली, पेट्रोलची नळी बंद केली, ॲक्सिलरेटरची केबल, हीटरच्या केबली, वायरी सोडवल्या आणि जॅकवर घेऊन मागे सरकवलं. नवा सेट बसवला, इंजिन परत चढवलं.

आता तक्रार अशी. पहिल्या गिअरमध्ये गाडी काढताना आणि रिव्हर्स घेताना अख्खी गाडी थडथडते. सकाळी कमी, इंजिन तापलं की जास्त. शिवाय पेडल दाबलं की मागून खरखर ऐकू येते. सोडलं की बंद. ६०० किमी झाले, फरक शून्य. घसरत मात्र अजिबात नाही.

---

स्पॅनर_१९

तुमचं दुःख समजू शकतो. माझा स्वतःचा अनुभव, आफ्टरमार्केट म्हणजे नशिबाचा भाग. एकदा एका सेटमधल्या प्लेटचा हबच (मधला भाग) गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकेना, कानसीने घासून बसवावा लागला. तेव्हापासून मी जुना न वापरलेला माल शोधतो, वेळ लागला तरी चालेल.

---

मोजपट्टी

हवाथंड, इंजिन परत उतरवायची घाई करू नका. खाली झोपून, हातात पट्टी घेऊन आधी एक गोष्ट बघा.

क्लचची केबल चासीच्या मधल्या बोगद्यातून मागे येते आणि बाहेर पडून गिअरबॉक्सवरच्या कंसात शिरते. या दोन टोकांमध्ये ती एका लवचीक नळीत असते. ही नळी सरळ असून चालत नाही, तिला खाली बाक हवा, २५ ते ४५ मिमी. बरेच जण समजतात की बाक म्हणजे ढिलेपणा आणि ती सरळ करून टाकतात. खरं कारण असं की इंजिन-गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसलेले असतात. क्लच धरायला लागला की सगळी जोडणी जराशी हलते. नळीला बाक असेल तर तिच्यातलं घर्षण केबलला हलकेच धरून ठेवतं. बाक नसेल तर इंजिन हललं की केबल ओढली जाते, क्लच थोडा सुटतो, इंजिन परत जागेवर येतं, क्लच पुन्हा धरतो. हे सेकंदाला अनेकदा होतं आणि तुम्हाला थडथड जाणवते.

बाक कमी असेल तर कंस आणि नळीचं टोक यांच्यामध्ये वॉशर टाकून वाढवता येतो. माउंटिंगची रबरंही बघा, तेल पिऊन फुगलेली असतील तर तीच बोंब.

आणि खरखरीबद्दल एक प्रश्न. केबलच्या टोकाचा पंखांचा नट आत्ता आट्यांवर कुठे आहे? सुरुवातीला, मध्ये, की पार शेवटाला?

---

हवाथंड

मोजपट्टी काका, आज संध्याकाळी गाडीखाली गेलो. बाक जेमतेम १५ मिमी निघाला. दोन वॉशर टाकून ३० वर आणला, पेडलचा फ्री प्ले परत १५ मिमीवर लावला. थडथड निम्म्यावर आली, खोटं बोलणार नाही, आनंद झाला. पण गेलेली नाही. खरखर जशीच्या तशी.

नटाचं तुम्ही बरोबर हेरलंत. पार शेवटाला आहे, मोजून चार आटे उरलेत. जुन्या क्लचवर तो मध्याच्या आसपास होता हे नक्की आठवतं, कारण सोडताना किती आटे फिरवले ते मी खडूने लिहून ठेवलं होतं.

---

मोजपट्टी

मग उत्तर बहुधा त्या आट्यांमध्येच आहे. केबल तीच, लिव्हर तोच, तरी नट एवढा आत न्यावा लागला, म्हणजे बेअरिंगला प्रेशर प्लेटपर्यंत पोचायला आधीपेक्षा जास्त अंतर तोडावं लागतंय.

१९७० पर्यंतच्या बीटलमध्ये रिलीज बेअरिंगला मार्गदर्शक नळी नसते. ते फोर्कच्या (बेअरिंग ढकलणाऱ्या दुबेळक्याच्या) दोन बाहूंवर क्लिपांनी टांगलेलं असतं. त्याला टेकायला प्रेशर प्लेटच्या मधोमध एक सपाट लोखंडी कडी लागते. १९७१ च्या मॉडेलपासून गिअरबॉक्सच्या तोंडावर नळी आली, बेअरिंग त्या नळीवर सरकू लागलं आणि थेट डायफ्रामच्या (प्रेशर प्लेटमधल्या चकतीसारख्या स्प्रिंगच्या) बोटांवर टेकू लागलं. म्हणून नंतरच्या प्रेशर प्लेटला कडी नसते. दोन्हींचा व्यास २०० मिमीच, सहा बोल्टांची जागाही तीच. त्यामुळे कोणतीही प्लेट कोणत्याही फ्लायव्हीलवर बिनबोभाट बसते आणि चूक इंजिन चढवल्यावरच कळते.

तुमच्या नव्या प्रेशर प्लेटला मधे कडी होती का? आठवत नसेल तर बसवण्याआधी काढलेला फोटो शोधा.

---

हवाथंड

फोटो सापडला. कडी नाही. नुसती बोटं दिसतायत. बेअरिंग मात्र माझ्या जुन्यासारखंच, क्लिपांचं. म्हणजे एकाच खोक्यात नव्या पद्धतीची प्रेशर प्लेट आणि जुन्या पद्धतीचं बेअरिंग! जुनी प्रेशर प्लेट बाकावर शेजारीच पडली होती आणि तिला कडी होती. दोन्ही एकमेकींशेजारी ठेवून एक मिनिट बघितलं असतं तर दिसलं असतं.

शनिवारी इंजिन परत उतरवतोय.

---

निळी_एमजी

वाचतोय, फार उपयोगी धागा. जरा वेगळ्या गाडीचं सांगतो. माझ्याकडे एमजी बी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, तिथेही इंजिन बाहेर काढल्याशिवाय क्लच दिसत नाही. तिचं रिलीज बेअरिंग मुळात बॉल बेअरिंगच नाही, कार्बनची जाड कडी असते आणि ती घासत घासतच काम करते. बाजारात तिच्या जागी बॉल बेअरिंगचे पर्याय मिळतात आणि 'सुधारणा' म्हणून लोक ते टाकतात. मी टाकला होता, वर्षभरात वाजायला लागला. परत कार्बनवर आलो. सिग्नलला पेडलवर पाय ठेवून उभं राहायचं नाही एवढं पथ्य पाळलं तर ती कडी वर्षानुवर्षं चालते.

तिकडे क्लच हायड्रॉलिक आहे, त्यामुळे केबलचा प्रश्न नाही. पण नवा क्लच टाकूनही नीट सुटत नसेल तर जुनी रबरी होज बघा. दाब आला की ती फुगते आणि फोर्कपर्यंत पूर्ण हालचाल पोचतच नाही. होज बदलायचं काम अर्ध्या तासाचं, आणि त्यापायी लोक इंजिन काढतात.

---

पानाहाती

हवाथंड दादा, इंजिन उतरवणारच आहात तर माझ्या या गोष्टी बघून घ्या. मी दोन बीटलचे क्लच केलेत. पहिल्यात घाई केली आणि चार महिन्यांत परत उतरवावं लागलं.

इंजिन वेगळं झालं की आधी काहीही पुसू नका. बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) आत बघा. ओलं असेल तर बोटाला लावून वास घ्या. इंजिन ऑईल असेल तर पातळ, काळपट आणि जळकट वासाचं. गिअर ऑईल असेल तर चिकट आणि गंधकाचा उग्र वास, एकदा घेतला की विसरणार नाही. पहिलं असेल तर फ्लायव्हीलमागचं सील गेलंय, दुसरं असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं. थंड असताना ठीक आणि तापल्यावर थडथड हे बऱ्याचदा प्लेटला लागलेल्या तेलाचं लक्षण असतं, म्हणून म्हणतेय. तेल प्यायलेली प्लेट पेट्रोलने धुऊन, भाजून परत वापरायचा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका.

दुसरं, आणि हे खरंच जिवाशी आहे. जुन्या क्लच प्लेटांच्या लायनिंगमध्ये (घासणाऱ्या थरात) ॲसबेस्टॉस असायचं. बेलहाउसिंगमधली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही. ओल्या फडक्याने टिपायची, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. तोंडाला चांगला मास्क लावा. स्पॅनर_१९, तुम्ही जुना न वापरलेला माल शोधता म्हणून तुम्हालाही हे आवर्जून सांगतेय. त्या प्लेटा तेव्हाच्याच असतात.

---

स्पॅनर_१९

पानाहाती ताई, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. माझ्याकडे अशा दोन प्लेटा पडून आहेत. त्यांचे हबही गंजलेत. आता त्या भिंतीवरच राहतील.

---

मोजपट्टी

जुन्या मालाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. 'मूळ' आणि 'आफ्टरमार्केट' ही भिंत आपण मनात फार उंच बांधून ठेवलीय. कारखान्यात बसणारा क्लच काही फोक्सवॅगन स्वतः घडवत नव्हती. तो सॅक्ससारख्या पुरवठादारांकडून यायचा. त्याच पुरवठादाराने तोच माल स्वतःच्या खोक्यात घालून विकला की आपण त्याला आफ्टरमार्केट म्हणतो. दुसऱ्या टोकाला असेही सेट आहेत ज्यांची प्लेट एका ठिकाणची, बेअरिंग दुसऱ्या ठिकाणचं आणि खोकं तिसऱ्याचं.

बीटल २००३ च्या जुलैपर्यंत बनत होती, २ कोटी १५ लाखांच्या वर गाड्या निघाल्या. म्हणून पार्ट मिळतात, आणि म्हणूनच 'सर्व मॉडेल' लिहायचा मोह होतो. इतक्या वर्षांत क्लच १८० मिमीचा २०० झाला, फ्लायव्हीलचे दात १०९ चे १३० झाले, बेअरिंग बदललं. सर्व मॉडेलना चालणारा क्लच अस्तित्वातच नाही. काही चांगल्या सेटमध्ये कडी काढता येण्यासारखी असते, नंतरच्या गिअरबॉक्सवाल्याने ती काढून टाकायची आणि तुमच्यासारख्याने ठेवायची. तसा सेट बघा. किंवा सुटे भाग घ्या आणि जोडी स्वतः जुळवा. मी सुटेच घेतो.

---

रविवारी_गॅरेजात

विषयाला धरूनच विचारतो. नवीन घ्यायचाच आहे तर जास्त दाबाची हेवी ड्यूटी प्रेशर प्लेट का नको? माझ्या १३०० सीसीच्या बीटलला टाकायचा विचार आहे. पुन्हा कधी घसरायला नको.

---

मोजपट्टी

इंजिनाची ताकद वाढवली नसेल तर नको, मनापासून सांगतो. मूळ स्प्रिंग मूळ इंजिनाला पुरते. घसरतो तो दाब कमी म्हणून नाही, लायनिंग झिजली किंवा तेल लागलं म्हणून. कडक स्प्रिंग टाकलीत की पेडल जड होतं, केबल आणि पेडलचा आकडा लवकर तुटतो. त्याहून वाईट म्हणजे पेडल दाबता तेव्हा तेवढ्याच जोराने क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) पुलीच्या दिशेने ढकलला जातो. तो भार फ्लायव्हीलकडच्या पहिल्या मेन बेअरिंगच्या कडेवर येतो. ती कड झिजली की क्रँकची एंड फ्लोट (पुढे-मागे सरकण्याची मोकळीक) वाढते आणि मग प्रकरण क्लचचं राहत नाही, इंजिन खोलायचं होतं.

---

हवाथंड

शनिवार-रविवार कामात गेले. सविस्तर लिहितो.

इंजिन मागे सरकलं आणि प्रेशर प्लेट दिसली तेव्हा पोटात खड्डा पडला. डायफ्रामच्या प्रत्येक बोटाच्या टोकाला बेअरिंगने खाच पाडलीय. टॉर्च तिरपी धरली की चकाकते. एका बाजूच्या तीन बोटांवर खाच खोल, समोरच्या बाजूला नुसता ओरखडा. म्हणजे बेअरिंग मधोमध टेकतच नव्हतं, एका अंगाने रेटत होतं. बेअरिंगच्या सपाट तोंडावरही त्या बोटांचे वळ उठलेत. बोटं सारखी उचलली जात नसतील तर प्लेट सारखी कशी धरणार? थडथडीचं उरलेलं निम्मं कारण हेच असणार.

पानाहाती ताईंनी सांगितल्यासारखा आधी वास घेतला. बेलहाउसिंगच्या तळाला किंचित ओल होती, काळी, पातळ. इंजिन ऑईल. प्लेटपर्यंत पोचलेलं नव्हतं, पण सुरुवात झाली होती. म्हणून फ्लायव्हीलही काढायचं ठरवलं.

तो मधला ३६ मिमीचा नट! दोन माणसं, फ्लायव्हील अडवायची पट्टी आणि लांब पाइप. सुटला तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला. सील दगडासारखं कडक झालेलं.

---

पानाहाती

फ्लायव्हील निघालंच आहे तर एंड फ्लोट मोजल्याशिवाय परत बसवू नका. सीलच्या मागे तीन शिम (पातळ चकत्या) असतात, तीनच, कमीजास्त नाहीत. सील न बसवता दोनच शिम घालून फ्लायव्हील लावा, डायल गेज फ्लायव्हीलवर टेकवा, क्रँक पुढे-मागे ढकलून किती हलतो बघा. त्या आकड्यातून ०.१ वजा केलं की तिसऱ्या शिमची जाडी निघते. शेवटी ०.०७ ते ०.१३ मिमी राहायला हवं. ०.१५ च्या पुढे गेलं तर नवं सीलही टिकणार नाही. फ्लायव्हीलच्या आतली गोल रबरी रिंग नवी घाला, ती विसरली की सील बदलूनही तेल येतंच.

३६ चा नट सुमारे ३०० न्यूटन-मीटरला. एवढा मोठा टॉर्क रेंच नसेल तर आडव्या धरलेल्या पाइपवर नटापासून एक मीटरवर ३० किलो टांगा, हिशोब तोच. नटाच्या आत सुयांचं छोटं बेअरिंग असतं, त्याला अगदी चिमूटभर ग्रीस. जास्त भरलंत तर फिरताना उडून थेट लायनिंगवर जातं.

---

टर्नर_बाबा

फ्लायव्हीलच्या तोंडावर निळे डाग किंवा केसासारख्या भेगा असतील तर लेथवर घ्या. पण टर्नरला नीट सांगा. बीटलचं फ्लायव्हील सपाट तबकडी नाही, घासणारा भाग आत खोल असतो आणि प्रेशर प्लेट बाहेरच्या उंच कडेवर बसते. आतला भाग जेवढा घासला तेवढाच बाहेरच्या कडेवरूनही काढावा लागतो. नुसतं आतलं घासलं की प्लेट खोल जाते, स्प्रिंगचा दाब कमी पडतो आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून घसरतो. मग बोल पार्टला लागतो. माझ्याकडे असे क्लच 'खराब निघाला' म्हणून आलेत. पार्ट चांगला होता, घासणाऱ्याने पायरी राखली नव्हती.

---

हवाथंड

शेवटचा रिपोर्ट.

एंड फ्लोट आधी ०.१४ निघाली. एक शिम बदलून ०.१० वर आणली. नवं सील, नवी रबरी रिंग. फ्लायव्हील टर्नर_बाबांनी सांगितलं तसंच लेथवर घेतलं, आत आणि कडेला सारखंच, परत आल्यावर पायरी व्हर्निअरने मोजून बघितली.

सेट परत केला. यावेळी सुटे भाग घेतले, तिन्ही आफ्टरमार्केटच. बसवण्याआधी जुनं आणि नवं बाकावर जोडीजोडीने मांडलं. कडी आहे, कडीची उंची जुन्याएवढीच. प्लेटचा हब इनपुट शाफ्टवर हाताने सरकवून बघितला, न अडता गेला, न डुगडुगता बसला. लायनिंगच्या कडा बोटाने चाचपल्या. हबचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे. प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट समोरासमोरचे, एकेक फेरा करत २५ न्यूटन-मीटरला.

फोर्कच्या शाफ्टचं बुश हलत होतं, तेही बदललं. ते तसंच ठेवलं असतं तर बेअरिंग परत तिरपंच टेकलं असतं.

इंजिन चढवताना मागच्या वेळी काय केलं होतं ते आत्ता लक्षात आलं. शेवटचे दोन बोटं अंतर उरलं की शाफ्ट हबमध्ये शिरत नव्हता आणि आम्ही इंजिन तसंच शाफ्टवर टेकवून धक्के मारले होते. सगळं वजन त्या पातळ प्लेटवर. यावेळी गाडी गिअरमध्ये ठेवली, जॅकची उंची दोन्ही तोंडांमधली फट चारी बाजूंनी सारखी दिसेपर्यंत लावली, भावाने पुली हाताने हळू फिरवली आणि इंजिन आपोआप आत गेलं. बोल्ट नुसते शेवटी आवळले, बोल्टांनी ओढून घेतलं नाही.

केबलचा नट आता मध्यावर आलाय. बाक ३० मिमी, फ्री प्ले १५ मिमी.

काल घाटाच्या चढावर मुद्दाम तीनदा थांबून निघालो, एकदा रिव्हर्समध्येही. गाडी तापलेली होती. थडथड नाही, खरखर नाही.

---

मोजपट्टी

वाचून फार बरं वाटलं. पहिले काही शे किलोमीटर चढावर क्लच धरून ठेवू नका, लायनिंग बसू दे. ५०० किमी झाले की फ्री प्ले परत मोजा, १० ते २० मिमीमध्ये हवा. नवी लायनिंग बसताना तो कमी होत जातो. अजिबात उरला नाही तर बेअरिंग कायम टेकलेलं राहील.

---

रविवारी_गॅरेजात

माझ्या गाडीला बघितलं. गिअरबॉक्स १९७२ चा बदललेला निघाला, तोंडावर नळी आहे. म्हणजे मला कडी नसलेली प्रेशर प्लेट लागणार, बरोबर?

---

मोजपट्टी

बरोबर. आणि बेअरिंग नळीवर सरकणारं. गाडीचं वर्ष सोडा, गिअरबॉक्स बघून घ्या. पण फ्लायव्हील १८० चं आहे की २०० चं, ते इंजिन उतरवून मोजल्याशिवाय काहीही मागवू नका.